तुम्ही विचारलंत: लढाई थांबली, मग बोस्नियाचं राजकारण का अडकून पडलं?

डेटन कराराला तीस वर्षं झाली त्या निमित्ताने मागच्या अंकात बोस्नियाबद्दल लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की सगळ्यांना उत्तरं देणं शक्यच नाही, म्हणून पाच जणांचे प्रश्न घेतलेत. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: युगोस्लाव्हिया फुटला तेव्हा १९९२ ते १९९५ बोस्नियात बोस्नियाक (म्हणजे तिथले मुस्लिम), ऑर्थोडॉक्स सर्ब आणि कॅथलिक क्रोएट यांच्यात युद्ध झालं, साधारण १ लाख माणसं मेली, ४४ लाखांच्या देशात जवळजवळ निम्मे लोक घरादाराला मुकले. अमेरिकेत डेटन इथल्या हवाई तळावर २१ नोव्हेंबर १९९५ ला करार ठरला, १४ डिसेंबरला पॅरिसमध्ये सह्या झाल्या. बंदुका थांबल्या त्या थांबल्याच, आणि ही छोटी गोष्ट नाही, हे आधीच सांगते.

प्रश्न: ताई, करारानंतर नऊ महिन्यांत तिथे निवडणूक झाली असं तुम्ही लिहिलंत. एवढ्या लवकर लोकशाही आली तर ते चांगलंच ना? तुमचा सूर मात्र नाराजीचा वाटला.
(स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, लातूर)

नाराजी आहेच गं, आणि कारण सांगते. १४ सप्टेंबर १९९६ ला मतदान झालं तेव्हा परिस्थिती काय होती बघ. गावंच्या गावं हाकलून दिलेली, करारात देशाचे जे दोन भाग पाडले त्यांच्यामधली सीमारेषा ओलांडून पलीकडे जायला लोक घाबरायचे, टीव्ही आणि रेडिओ ज्या त्या पक्षाच्या ताब्यात, हातात हत्यार असलेली माणसं अजून गावातच, आणि ज्या पक्षांनी युद्ध चालवलं त्यांच्याचकडे पैसा, पोलीस, नोकऱ्या सगळं. नवीन पक्ष काढणाऱ्याला ऑफिससाठी खोली भाड्याने मिळणं मुश्किल. अशात मत मागायला निघालेला माणूस काय सांगणार? ‘मला मत दिलं नाहीस तर पलीकडचे परत येतील’, एवढंच. आणि ते वाक्य चाललं, तीन्ही बाजूंना चाललं. बोस्नियाकांचा एसडीए, सर्बांचा एसडीएस, क्रोएटांचा एचडीझेड, तिघे जिंकले. पहिल्या तीन सदस्यांच्या राष्ट्राध्यक्ष मंडळावर सर्बांकडून निवडून आलेले मोम्चिलो क्रायिश्निक पुढे हेगच्या कोर्टात मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरले. म्हणजे शांततेचं पहिलं सरकार कोणाच्या हातात गेलं याचा विचार कर.

घाई कशाची होती तर अमेरिकेची. नाटोचे ६० हजार सैनिक तिथे उतरवलेले, ते वर्षभरात परत आणू असा शब्द दिलेला, आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये अमेरिकेतच अध्यक्षपदाची निवडणूक. त्यामुळे बोस्नियात निवडणूक झाली, काम झालं, असं दाखवायचं होतं. सैन्य काही वर्षभरात परत गेलं नाही, नावं बदलत बदलत राहिलंच, आजही युरोपियन युनियनची तुकडी तिथे आहे, पण निवडणूक मात्र आधी उरकून टाकली.

आणखी एक प्रकार झाला तो परीक्षेत कोणी विचारणार नाही पण लक्षात ठेव. मतदार नोंदणीत पी-२ नावाचा एक फॉर्म होता, त्यावर माणूस आपण आधी जिथे राहत होतो तिथे न नोंदवता ‘पुढे जिथे राहायचा विचार आहे’ तिथे नाव घालू शकत होता. हेतू बरा होता, बेघर झालेल्यांना सोय. पक्षांनी याचा असा वापर केला की विस्थापित सर्बांना, तुम्हाला घर हवं, मदत हवी तर अमुक शहरात नाव नोंदवा असं सांगून ब्रचको, स्रेब्रेनित्सा अशा, जिथून बोस्नियाकांना हाकलून दिलं होतं त्या ठिकाणी ढकललं, म्हणजे युद्धात हाकलून जो बदल केला तो आता मतपेटीतून पक्का करायचा. इतकी गडबड झाली की नगरपालिकांच्या निवडणुका वर्षभर पुढे ढकलाव्या लागल्या, १९९७ च्या सप्टेंबरात झाल्या.

मग आधी काय करायला हवं होतं? माझं मत स्पष्ट आहे: लोकांना परत घरी जाता येईल, पोलीस कोणा एका पक्षाचे राहणार नाहीत, बातम्या सगळ्यांच्या ऐकू येतील, एवढं तरी व्हायला हवं होतं, खालून नगरपालिकेपासून सुरुवात करून वर जायला हवं होतं. तिथे वरून सुरुवात झाली.

प्रश्न: एका देशाला तीन राष्ट्राध्यक्ष! हे चालतं कसं? भांडण झालं की कोण सोडवतं?
(निवृत्त तहसीलदार, वाशीम)

साहेब, तुम्ही कारभार पाहिलेला माणूस, तुम्हाला हे ऐकून घामच फुटेल. राष्ट्राध्यक्ष मंडळात तिघे, एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब, अध्यक्षाची खुर्ची दर आठ महिन्यांनी फिरते. खाली देशाचे दोन भाग, ५१ टक्के जमीन बोस्नियाक-क्रोएट फेडरेशनकडे, ४९ टक्के सर्बांच्या रेपुब्लिका स्रप्स्काकडे. फेडरेशनमध्ये परत दहा कॅन्टन, प्रत्येकाला स्वतःचा पंतप्रधान, मंत्री, विधानसभा. शिवाय ब्रचको हा वेगळा जिल्हा, तो कोणाला द्यायचा यावर डेटनमध्ये एकमतच झालं नाही म्हणून नंतर लवादाने वेगळा काढला. सगळी मिळून चौदा सरकारं. २०१३ च्या जनगणनेत लोकसंख्या ३५ लाख, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्मीसुद्धा नाही.

आणि या सगळ्याला नकाराधिकाराची कुलपं. संसदेत बहुमत असलं तरी दोन्ही भागांतून किमान एक तृतीयांश पाठिंबा पाहिजे, वरच्या सभागृहात पाच-पाच-पाच असे पंधरा जण, त्यातल्या कुठल्याही गटाने ‘हे आमच्या जिवावर उठणारं आहे’ म्हटलं की कायदा अडकला. ही कुलपं कशासाठी लावली ते मला समजतं. कालपर्यंत ज्यांनी आपल्यावर तोफा डागल्या त्यांच्याबरोबर एका संसदेत बसायचं तर हातात काहीतरी हमी हवीच, ती नसती तर कोणी सहीच केली नसती. पण प्रॉब्लेम असा झाला की अडवण्यात फायदा आणि जमवून घेण्यात तोटा, कारण जमवून घेतलं की आपलेच लोक ‘विकला गेला’ म्हणतात.

याचं टोक २०१३ मध्ये दिसलं आणि ते सविस्तर सांगायलाच हवं. तिथे बाळ जन्मलं की त्याला तेरा आकडी ओळख क्रमांक मिळतो, त्यात कुठल्या विभागात जन्म झाला याचे आकडे असतात. त्या कायद्यातली तरतूद घटना न्यायालयाने रद्द केली, संसदेने मुदतीत नवीन करायची होती. ती झाली नाही, कारण सर्ब प्रतिनिधींचं म्हणणं विभाग दोन भागांच्या सीमेप्रमाणेच पाडा, बाकीच्यांना ते मान्य नाही. फेब्रुवारीपासून नवीन बाळांना नंबर देणं बंद! नंबर नाही म्हणून पासपोर्ट नाही, आणि एका तान्ह्या मुलीला उपचारासाठी जर्मनीला न्यायचं होतं ती अडकली. तेव्हा सरायेव्होत आया बाबागाड्या घेऊन संसदेसमोर आल्या, मग कॉलेजची मुलं, मग नोकरदार, मग कोण नाही असं राहिलं नाही, जूनमध्ये लोकांनी हाताला हात धरून इमारतीला वेढा घातला आणि आतले खासदार, कर्मचारी रात्री उशिरापर्यंत बाहेर पडू शकले नाहीत. सरकारने घाईघाईने तात्पुरता आदेश काढला, नंतर त्याच वर्षी कायदाही झाला. एका दुसऱ्या बाळाचा मात्र त्या दिवसांत जीव गेला, त्याच्याही कागदपत्रांची अशीच अडवणूक झाली होती. कुठल्या तोंडाने या आईला कोणी सांगेल की हे सगळं तुझ्या समाजाच्या रक्षणासाठी चाललंय?

भांडण सोडवतं कोण, तर हाय रिप्रेझेंटेटिव्ह नावाचा परदेशी अधिकारी. १९९७ अखेरच्या बॉनच्या बैठकीनंतर त्याला कायदा लादायचा आणि निवडून आलेल्या माणसालाही काढायचा अधिकार मिळाला. १९९९ मध्ये या पदावरच्या कार्लोस वेस्टेनडॉर्प यांनी रेपुब्लिका स्रप्स्काचे निवडून आलेले अध्यक्ष निकोला पोप्लाशेन यांनाच घरी पाठवलं. पॅडी ॲशडाउन यांनी २००४ मध्ये एका झटक्यात साठेक जणांना पदांवरून काढलं. अलीकडचं म्हणाल तर याच पदावरच्या अधिकाऱ्याचे निर्णय झुगारल्याबद्दल रेपुब्लिका स्रप्स्काचे अध्यक्ष मिलोराद दोदिक यांना २०२५ मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं आणि त्यांचं अध्यक्षपद गेलं. या अधिकाराने कामं झाली हे खरं, पण स्थानिक पुढाऱ्यांना सवय लागली की अवघड निर्णय साहेबावर टाकायचा आणि आपण लोकांसमोर जाऊन साहेबाला शिव्या द्यायच्या. तीस वर्षं झाली तरी ते ऑफिस बंद करायची हिंमत होत नाही, हीच मोठी काळजी आहे.

प्रश्न: आपल्याकडे राखीव जागा आहेत तसंच हे झालं की. मग आपल्याकडे चालतं ते तिथे का चालू नये?
(शिक्षक, नागपूर)

सर, प्रश्न फार चांगला विचारलात. आपल्याकडचा १९३२ चा वाद माहीत असलेल्या माणसाला बोस्निया लवकर समजतो. बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितला तो उगाच नाही. जागा राखीव ठेवली पण मत सगळ्यांचं, तर बहुसंख्य लोक आपल्याला सोयीचा उमेदवार निवडून आणतील आणि तो आमचा म्हणून मिरवेल, ही त्यांची भीती होती. येरवड्यात गांधीजींचं उपोषण, मग २४ सप्टेंबरचा पुणे करार, त्यात १४८ राखीव जागा, मतदान एकत्र, पण आधी दलित मतदारांनीच चार उमेदवारांचं पॅनल निवडायचं, अशी तडजोड. ती तडजोड पुरेशी होती का यावर आपण आजही भांडतो, आणि ते बरोबरच आहे.

आता बोस्नियात बघा. फेडरेशनमधून राष्ट्राध्यक्ष मंडळावर जाणारे बोस्नियाक आणि क्रोएट सदस्य दोन वेगळे, पण मतपत्रिका घेतल्यावर मतदाराने कुठल्या यादीत मत द्यायचं ते तो ठरवतो. बोस्नियाक संख्येने कितीतरी जास्त. झेल्को कोमशिच हे क्रोएट सदस्य म्हणून २००६, २०१०, २०१८ आणि २०२२ असे चार वेळा निवडून आले, आणि एचडीझेडचं म्हणणं की यांना बोस्नियाकांनी निवडलं, हे आमचे नाहीतच. कोमशिच यांना मत देणारे म्हणतात आम्हाला जातीचा माणूस नको, देशाचा माणूस हवा. मला विचाराल तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. कोमशिच यांचं राजकारण मला जास्त पटतं, पण क्रोएट मतदाराला आपलं मत वाया गेल्यासारखं वाटतं ते खोटं ठरवून चालणार नाही.

फरक कुठे आहे? आपल्याकडे राखीव जागेवरच्या उमेदवाराला सगळ्या वस्त्यांमध्ये हात जोडून फिरावं लागतं, आणि तो संसदेत गेला की तिथे तो खासदार, एखाद्या समाजाच्या नावाने कायदा रोखायचा अधिकार त्याला नाही. शिवाय राखीव नसलेल्या जागा शेकड्याने आहेत, तिथे कोणीही उभा राहतो. बोस्नियात सर्वोच्च पदं तीन गटांतच वाटलेली. त्यातही गाव बघायचं: स्रेब्रेनित्सात, जिथे जुलै १९९५ मध्ये ८ हजारांवर बोस्नियाक पुरुष आणि पोरं मारली गेली, तिथे परत येऊन राहणारा बोस्नियाक राष्ट्राध्यक्ष मंडळासाठी फक्त सर्ब सदस्याला मत देऊ शकतो, कारण ते गाव रेपुब्लिका स्रप्स्कात. आणि स्वतः उभा राहायचं म्हटलं तर राहूच शकत नाही. सरायेव्होतल्या सर्बाचं उलट बाजूने तेच.

दुसऱ्याच्या दारात मत मागायला जायला लावेल असा नियम करायचा प्रयत्न एकदा झाला होता. २००० मध्ये रेपुब्लिका स्रप्स्काच्या अध्यक्षपदासाठी पसंतीक्रमाचं मतदान ठेवलं, कल्पना अशी की बोस्नियाक मतदाराची दुसरी पसंती मिळावी म्हणून सर्ब उमेदवार मवाळ बोलेल. पण एसडीएसच्या उमेदवाराला पहिल्या पसंतीतच निम्म्याच्या जवळ मतं पडली, बाकीच्यांची फारशी गरजच उरली नाही. ज्या भागातून दुसऱ्यांना आधीच हाकलून दिलंय तिथे कसली दुसरी पसंती? म्हणून मी म्हणते की हाकललेल्या लोकांचं घरी परतणं आणि निवडणूक हे दोन विषय वेगळे काढताच येत नाहीत.

प्रश्न: आमच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जनरल नंबियार साहेब तिकडे यूएनच्या फौजेचे प्रमुख होते. एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या सैन्यांना नंतर एकत्र कसं आणलं?
(माजी सैनिक, कोल्हापूर)

हो दादा, लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार हे यूएनच्या त्या फौजेचे पहिले फोर्स कमांडर, मार्च १९९२ पासून वर्षभर. फौज होती शेजारच्या क्रोएशियासाठी, मुख्यालय मात्र सरायेव्होत, आणि तिथेच महिनाभरात युद्ध पेटलं. मुदत वाढवून देत होते ती त्यांनी घेतली नाही.

सैन्याची गोष्ट तुम्हाला आवडेल. करारानंतर दहा वर्षं तिथे दोन भागांची सैन्यं वेगळी होती. २००५ मध्ये कायदा झाला आणि २००६ पासून एकच संरक्षण मंत्रालय, एकच सैन्य. पायदळाच्या तीन ब्रिगेड केल्या आणि प्रत्येक ब्रिगेडमध्ये तीन बटालियन, एक बोस्नियाक, एक सर्ब, एक क्रोएट. ज्याची त्याची रेजिमेंट शिल्लक ठेवली, ती आपला इतिहास, आपले सण, आपले हुतात्मे सांभाळते, पण लढाईचा हुकूम ब्रिगेडचा. तुम्ही ज्या पलटणीत वाढलात तिथे हे वेगळं सांगायला नको, घोषणा ‘छत्रपती शिवाजी महाराज की जय’, पण ब्रिगेडमध्ये शेजारी शीख नाहीतर मद्रास रेजिमेंट असू शकते. युद्धानंतरच्या बोस्नियात जे मोजकं मनापासून जमलं त्यात मी सैन्य वरच्या नंबरवर ठेवते. नाटोत जायची इच्छा आणि बाहेरचा दबाव होता म्हणून झालं, पण झालं आणि टिकलं.

आणखी दोन गोष्टी जमल्या. आधी गाडीच्या नंबर प्लेटवरून कळायचं हा कुठला, त्यामुळे सीमारेषेपलीकडे गाडी न्यायची म्हणजे दगड खायची तयारी. १९९८ मध्ये सगळ्या देशाला एकच प्लेट आली आणि त्यावर ए, ई, जे, के, एम, ओ, टी एवढीच अक्षरं, जी सर्बांच्या सिरिलिक लिपीत आणि लॅटिन लिपीत सारखीच दिसतात. प्लेट बघून माणूस ओळखू येईना, आणि लोक बिनधास्त फिरायला लागले. नातेवाईक भेटले, भाजी विकायला पलीकडच्या बाजारात जाता आलं. दुसरी गोष्ट घरांची. दुसऱ्याच्या घरात घुसून राहिलेली कुटुंबं कायद्याने बाहेर काढून मूळ मालकाला घर द्यायचं, असे सुमारे २ लाख दावे होते, त्यातले नव्वद टक्क्यांवर काही वर्षांत निकाली लागले, अडवणूक करणारे अधिकारी घरी पाठवले गेले. खूप जणांनी घर ताब्यात घेऊन विकून टाकलं आणि आपल्या लोकांत राहायला गेले, ते दुःख आहेच, पण ‘लुटलं ते आपलं झालं’ हे तरी मोडून काढलं.

प्रश्न: मी इथे हॉस्पिटलमध्ये काम करते, माझ्या वॉर्डमध्ये एक बोस्नियन कलीग आहे. तू सर्ब की क्रोएट की मुस्लिम असं मी सहज विचारलं तर ती चिडली आणि दोन दिवस धड बोलली नाही. माझं काय चुकलं?
(स्टुटगार्ट, जर्मनी)

तुझा हेतू वाईट नव्हता गं, पण तिला हा प्रश्न लहानपणापासून प्रत्येक फॉर्मवर विचारला गेला असणार. नोकरीसाठी, निवडणुकीसाठी, शाळेसाठीसुद्धा. तिथे पन्नासच्या वर शाळा अशा आहेत ज्यांना ‘एका छताखाली दोन शाळा’ म्हणतात, बोस्नियाक आणि क्रोएट मुलांचे वर्ग वेगळे, शिक्षक वेगळे, इतिहासाची पुस्तकं वेगळी, काही ठिकाणी तर आत जायचं दार किंवा वेळ वेगळी. यायत्से नावाच्या गावात २०१६ मध्ये आणखी एक वेगळी शाळा काढायचं ठरलं तेव्हा तिथली हायस्कूलची मुलंमुली एकत्र रस्त्यावर आली, पोस्टर घेऊन, पावसापाण्यात, आणि पुढच्या वर्षी सरकारला तो बेत सोडावा लागला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी केलं हे!

तिचे आईवडील दोन वेगळ्या समाजांतले असतील तर तिला उत्तरच देता येत नसेल. अशा लोकांसाठी, तिथल्या रोमांसाठी (ज्यांना जिप्सी म्हणतात), ज्यूंसाठी घटनेत एकच डबा आहे, ‘इतर’. देर्वो सेजदिच हे रोमा आणि याकोब फिन्त्सी हे ज्यू, दोघे युरोपियन मानवाधिकार न्यायालयात गेले की आम्ही याच देशाचे नागरिक असून राष्ट्राध्यक्षपदाला उभे का राहू शकत नाही, आणि २२ डिसेंबर २००९ ला जिंकले. निकाल लागून पंधरा वर्षं उलटून गेली, घटना तशीच आहे. त्याआधी २००६ मध्ये घटना सुधारायचा एक प्रस्ताव आला होता तो संसदेत अवघ्या दोन मतांनी पडला. मोस्तार शहराचं तर २००८ नंतर बारा वर्षं नगरपालिकेचं मतदानच झालं नाही, जागा कशा वाटायच्या यावर दोन मोठ्या पक्षांचं जमेना. तिथल्या इर्मा बरालिया या शिक्षिका-कार्यकर्तीने युरोपियन न्यायालयात केस केली, २०१९ मध्ये जिंकली, आणि डिसेंबर २०२० मध्ये एकदाचं मतदान झालं.

इतकी वर्षं वाट बघून माणसं बॅग भरतात आणि तुझ्या शहरात येतात, नर्स म्हणून, ड्रायव्हर म्हणून, गवंडी म्हणून. म्हणून तिला आता परत काही विचारायचं असेल तर गाव कुठलं ते विचार, घरी कोण कोण असतं ते विचार. आणि ऑक्टोबर २०२६ मध्ये तिथे सार्वत्रिक निवडणूक आहे, परदेशातून मत देण्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं, ती नोंदवणार आहे का हेही विचार, आणि ती नाही म्हणाली तर का नाही ते नीट ऐकून घे आणि मला कळव, पुढच्या वेळी त्यावर लिहीन.